गाडी गावात लावू द्या: पश्चिम भागातल्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील ग्रामपंचायतींचे अध्यक्ष, सदस्य, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि गावोगावचे पंच यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या शहापुरात दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. गेली २२ वर्षं सवड मिळाली की दोन-चार मित्रांबरोबर तुमच्या भागात येतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या अलीकडचे माळ. कधी हद्द ओलांडून तिलारी, कधी पारगड. तंबू ठोकायचा, तीन दगडांवर भात शिजवायचा, सकाळी जागा झाडून परतायचं, एवढाच आमचा उद्योग. जंगलखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय आम्ही राहत नाही. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, तेव्हापासून तर त्या बाजूला तंबूचं नावच काढत नाही. कुणाच्या तरी मालकीच्या माळावर, मालकाला विचारून, एवढा नियम आम्ही पाळतो. हे आधीच सांगतो, कारण शहरातून येणारा प्रत्येक जण दारू प्यायला आणि बाटल्या फोडायला येतो असा तुमच्यातल्या काहींचा समज झालाय, आणि तो उगाच झालेला नाही.

मागणी एकच आहे. आमच्या गाड्या गावात लावू द्या. पैसे घ्या, पण गावाबाहेर धाडू नका.

का, ते सांगतो.

गणपती झाल्यानंतरच्या शनिवारी आम्ही चौघे निघालो. माझी जुनी स्प्लेंडर, एकाची बुलेट, आणि दोघे अल्टोतून. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चोर त्या गावचा होता असं मला वाटत नाही आणि गावाला बट्टा लावायचा नाही. वेशीजवळ फलक होता, मोठ्या अक्षरांत कन्नड आणि खाली बारीक मराठी: गावात पर्यटकांनी वाहने लावू नयेत. तरी देवळापुढं थांबून विचारलं. एक पोरगा म्हणाला, ‘‘हितं लावू नगासा, पंचायतीनं बंदी केल्या. फुडं डांबर संपतंय तितं लावा.’’ डांबर संपतं तिथं गेलो. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला झाडी, शेवटचं घर पाव किलोमीटर मागं. गाड्या लावल्या, डिकी उघडून सामान इकडचं तिकडं केलं, लागेल तेवढं पाठीवर घेतलं आणि वीस मिनिटं चालून माळावर गेलो.

सकाळी खाली आलो तर स्प्लेंडरचं साइड पॅनेल गवतात पडलेलं. बॅटरी गायब. पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरपासून उपसून लोंबत होता आणि खालची माती अजून ओली होती. हेल्मेट मी गाडीच्या हुकाला अडकवून कुलूप लावलं होतं. कुलूप शाबूत, हुकाला पट्ट्याचं चार बोटं टोक लटकलेलं, विळ्यानं गवत कापावं तसं कापलेलं. पट्टा कापलेल्या हेल्मेटचा चोराला काय उपयोग, हा प्रश्न मला आजही पडतो. अल्टोची मागची काच फुटलेली, सीटवर काचांचा भुगा, स्टेपनी, जॅक, पान्यांची पिशवी आणि मित्राची सॅक गेलेली. सॅकमध्ये स्टोव्ह आणि दुसऱ्या तंबूच्या काठ्या होत्या. पुढच्या सीटवर कुंद्याचा डबा होता. त्यातला अर्धा कुंदा खाऊन डब्याचं झाकण नीट लावून ठेवलेलं.

बुलेटला मात्र कुणी हात लावलेला नव्हता. तिच्या मालकानं पुढच्या चाकातून आणि फ्रेममधून साखळी घेऊन ती जांभळाच्या बुंध्याला बांधली होती. ती साखळी मीच त्याला विकली होती. दिवसभर गिऱ्हाइकांना चेन लावा, चेन लावा म्हणून सांगणारा मी, माझ्या गाडीला फक्त हँडल लॉक.

हँडल लॉकबद्दल गॅरेजवाल्याकडून ऐका. आत असते ती बोटाएवढी पिन. हँडल दोन्ही हातांनी धरून जोरात हिसका दिला, की बऱ्याच जुन्या गाड्यांची ती पिन मोडते; महिन्याला एक-दोन अशा गाड्या माझ्याकडे येतात. साखळीचंही तसंच आहे. जाड असली तरी जमिनीवर लोळत असली तर खाली दगड ठेवून वरून घण घातला की तुटते. जमिनीपासून वर ताणून बांधलेली साखळी फोडायला वेळ लागतो आणि आवाज होतो. एकूण काय, कुलूप चोराची दहा मिनिटं खातं. त्या दहा मिनिटांत कुणी ‘‘कोण रं त्यो?’’ म्हणून हटकणार असेल तरच त्या कुलपाला अर्थ. डांबर संपतं तिथं हटकायला कुणी नसतं. तिथं चोराला रात्र मोकळी.

नवीन गाड्यांचं थोडं वेगळं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या बहुतेक इंजेक्शनच्या, टाकीखाली कॉक नाही, पाइप उपसून बाटली भरता येत नाही. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून खिशात ठेवला तर गाडी चालूही होत नाही. पण बॅटरी, आरसे, हेल्मेट आणि डिकीतलं सामान हे बीएस-६ लाही तसंच जातं.

जीपीएस ट्रॅकर लावा, असं शहरात कुणीही सांगतं. तो गाडीची जागा मोबाइलच्या सिमवरून कळवतो. कणकुंबीच्या पुढं कित्येक वळणांवर रेंजच नसते, आणि असली तर फोनवर गोव्यात स्वागत असल्याचा मेसेज येतो. गाडी तिथून हलली तर ट्रॅकरला बोलायला रेंज मिळेपर्यंत चोर घाट उतरून गेलेला असतो. बॅगेत टाकायची ती छोटी ट्रॅकरची बटणं जागा कळवायला आसपासच्या लोकांच्या फोनवर अवलंबून. रानात आसपास माणूसच नाही तर फोन कुणाचा?

पोलिसांकडे गेलो तो भाग थोडक्यात सांगतो. पहिल्या ठाण्यात चहा मिळाला आणि गाडी ओढ्याच्या अलीकडे होती की पलीकडे, हा प्रश्न. पलीकडे असेल तर हद्द त्यांची नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, बॅटरी-स्टेपनीसाठी कशाला एफआयआर करता, आणि करायचीच तर अर्ज कन्नडमध्ये आणा. दोन्ही ठाण्यांची नावं घेत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. पण आपल्या तिठ्यावर, जिथं कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा एकमेकांच्या अंगावर बसलेत, तिथं हद्दीचा हा खेळ चोराच्याच पथ्यावर पडतो. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या १७३ व्या कलमात स्पष्ट आहे, की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. तोंडी सांगितलं तर लिहून घेऊन वाचून दाखवायचं, आणि प्रत फुकट द्यायची. नोंदवलं नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी कळवता येतं. भाषेचं म्हणाल तर गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिलाय. मी मराठीतच दिला. तीन तासांनी घेतला.

हे तुम्हाला का सांगतोय? चोरी झाली की पहिला फटका गावालाच बसतो म्हणून. त्या दिवशी दुपारी पोलीस गावात आले. ज्या पोरानं आम्हाला पुढं लावा म्हणून सांगितलं, त्यालाच पहिल्यांदा बोलावून घेतलं. रात्री कुठं होतास, मोबाइल दाखव. त्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. बिचाऱ्यानं पंचायतीचा फलक पाळला होता, बाकी काही केलं नव्हतं.

आणि एक म्हातारी भेटली, शेवटच्या घरातली. आम्ही काचा गोळा करत होतो तेव्हा काठी टेकत आली, सगळं बघितलं आणि आमच्यावरच तापली. ‘‘आमच्या गोठ्याम्होरं लावला असतासा तर काय झालं असतं? दोन कुत्री हाईत. मी रातीला चारदा उठतो. म्हशीनं कान हलवला तरी मला ऐकू येतंय.’’ आम्ही फलकाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘फलक काय राखण करतोय व्हय?’’

महिपाळगडावर आम्ही कित्येकदा गेलोय. गाव गडाच्या आतच. गाड्या लोकांच्या दारात लागतात, पोरं सीटवर बसून हॉर्न वाजवतात, आणि आजवर आमचा साधा आरसाही हललेला नाही. पारगडलाही तोच अनुभव. तिथं सीसीटीव्ही नाही, वॉचमन नाही. दारात बसलेली माणसं आहेत, आणि नवखा माणूस गाडीजवळ घुटमळला तर कोण पाहिजे म्हणून विचारतात.

आता तुमची बाजू. बंदी तुम्ही हौसेनं केलेली नाही हे मला माहीत आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधबे बघायला येणारी झुंड मी पाहिलीय. कारच्या छतावर डबे ठेवून गाणी, रस्त्याच्या कडेला दारू, आणि रिकामी बाटली सरळ भाताच्या वाफ्यात. रोप लावताना चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या पायात ती काच गेली तर लावणीचे दिवस गेलेच, वर टाके आणि औषधपाणी. देवळापुढं आडव्या लावलेल्या गाड्यांमुळं बैलगाडी निघत नाही, एसटी वळत नाही. वनखातं धबधब्यांच्या वाटा बंद करतं तेव्हा ती झुंड गावातच रेंगाळते. तुमच्या जागी मी असतो तर मीही फलक लावला असता.

पण फलकानं झुंड अडली का? ती गावाबाहेर गेली, बाटल्या तशाच पडतात, आणि आता त्या पाहायलाही कुणी नाही. गाडी गावात लागली तर निदान तिचा नंबर तुमच्या वहीत असतो. ज्याचा नंबर वहीत आहे तो माणूस बाटली टाकताना एकदा तरी विचार करतो. माझं तर म्हणणं, जाताना सामानातल्या काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून लिहून घ्या, दोनशे रुपये अनामत ठेवून घ्या, परतताना तेवढ्या बाटल्या दाखवल्या तर पैसे परत. ज्याला हे अपमानाचं वाटेल तो तुमच्या गावात न आलेलाच बरा.

जागा प्रत्येक गावात असते. सुगी उरकली की खळी मोकळी पडतात. देवळाचं आवार आहे, कुणाच्या गोठ्यापुढं चार गाड्यांची जागा आहे. शाळेचं मैदान हवं असेल तर एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या समितीला विचारून, आणि फक्त सुट्टीच्या दिवशी. वर दिव्याचा एक खांब असला की पुरे, तो बहुतेक ठिकाणी आहेच. रात्रीचे दुचाकीला पन्नास आणि मोटारीला शंभर रुपये द्यायला आमच्यातला कुणी कुरकुरणार नाही. बेळगावात सिनेमाला गेलं तर मधल्या सुट्टीत वडा-चहात याहून जास्त जातात. पैसे कुणी घ्यायचे हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर गावातल्या स्त्रीशक्ती संघाकडे द्या. त्या बायका हिशेब चोख ठेवतात, आणि सकाळी भाकरी-पिठलं मिळणार असेल तर आम्ही तेही विकत घेऊ. एखाद्या दांडग्या माणसाला ठेका देऊ नका. वर्षभरात तिथं दोरी बांधून अडवणूक सुरू होते आणि गावाचं नाव खराब होतं.

ग्रामसभेत एक शंका नक्की निघेल: पैसे घेतले आणि गाडी चोरीला गेली तर गावाला धरणार का? शंका रास्त आहे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ साली पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. पाहुण्यानं चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ साली निकाल लागला, की ‘जबाबदारी मालकाची’ असं पावतीवर छापलं म्हणून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत. तिथं चावीचं महत्त्व फार होतं, कारण चावी घेणं म्हणजे गाडी ताब्यात घेणं. म्हणून आमच्याकडून चावी कधीही घेऊ नका. कुणी ‘जरा बाजूला करायला असू दे’ म्हणून दिली तरी नको म्हणा. पावतीवर लिहा, की पैसे जागेचे आहेत, चावी मालकाकडे आहे, सामान गाडीत ठेवू नये. आणि पावतीचा मजकूर खानापूरच्या एखाद्या वकिलाला दाखवून घ्या, कारण मी पडलो गॅरेजवाला.

वहीत काय लिहायचं? गाडीचा नंबर, एकाचा मोबाइल, घरच्या कुणाचा तरी मोबाइल, माणसं किती, कुठल्या माळावर चाललेत, कधी परतणार. या शेवटच्या रकान्यासाठी मी जास्त आग्रह धरतो. चोरीचं जाऊ द्या, पण धुक्यात वाट चुकलेला किंवा ओढ्याला पाणी आल्यामुळं पलीकडे अडकलेला माणूस ठरलेल्या वेळी परतला नाही, तर वहीमुळं गावाला कळेल कुणाला हुडकायचं आणि कुठल्या बाजूला. डांबर संपतं तिथं बेवारस उभ्या असलेल्या गाडीकडे बघून काहीच कळत नाही. दोन दिवस लोक फक्त म्हणत राहतात, कुणाची की.

आमच्या बाजूनंही काही गोष्टी व्हायला हव्यात. हे पत्र बेळगाव, निपाणी, चंदगडकडची फिरणारी पोरंही वाचतील, म्हणून लिहितो. अंधार पडल्यावर गावात शिरू नका. राखण करणारालाही तुमचं तोंड दिसलं पाहिजे. सामानाची बांधाबांध घरीच करा. आम्ही डिकी उघडून सगळ्या रस्त्याला दाखवलं, झाडीतून कुणी बघत असेल तर त्याला यादीच मिळाली. गाडीत दिसेल असं काही ठेवू नका, रिकामी पिशवीही नको, काच फुटल्यावरच ती रिकामी आहे हे कळतं. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमधले चालतात. रेंज असेपर्यंत फोनमध्ये उतरवून घ्या आणि मूळ कागद घरी ठेवा. पाण्यात उतरताना चावी पँटच्या खिशात आणि पँट खडकावर, हा प्रकार बंद करा. एक जण काठावर बसू दे, आळीपाळीनं पोहा. चावी टायरवर लपवायची जागा तर चोरांच्या पोरांनाही ठाऊक आहे. दुसरी चावी घरी नीट ठेवा, गाडी गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. आणि विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी तो गाडीचा. सॅक, तंबू, कॅमेरा त्यात धरत नाहीत. माझ्या मित्राला हे काच फुटल्यावर कळलं.

तंबूतल्या सामानाचं वेगळं सांगण्यासारखं फार नाही. बूट आत घ्या, सॅकचा पट्टा हाताला गुंडाळून झोपा. माळावर आमचं कधी काही गेलेलं नाही, आणि त्याचं कारण मला आता कळतंय: तिथं आम्ही स्वतः असतो.

माझी विनंती एवढीच, की सगळ्या पंचायतींनी एकदम काही करायला नको. दोन-तीन गावांनी येत्या हंगामात करून बघावं. कणकुंबीच्या बाजूचं एखादं, जांबोटीकडचं एखादं. पहिली पन्नास छापील पावतीपुस्तकं मी माझ्या खर्चानं देतो. चार साखळ्या आणि कुलपंही देतो, गोठ्यापुढं दोन खुंट पुरले की आठ दुचाकी एकत्र बांधता येतात. साखळी वर ताणून कशी बांधायची ते मी येऊन दाखवतो. सुगी उरकल्यावर ग्रामसभा घ्याल तेव्हा हा विषय ठेवा. बोलावलंत तर मी येईन, चार शिव्या खायच्या तयारीनं येईन.

आणि त्या शेवटच्या घरातल्या म्हातारीला कुणीतरी निरोप द्या, की पुढच्या खेपेला गाडी तिच्या गोठ्यापुढं लावणार आहे. फलक काढलात तर राजरोस, नाही काढलात तर तिला विचारून.

आपला,
शहापुरातला एक गॅरेजवाला